बंद गाडीची देखभाल

गाडी चालू ठेवायला मेकॅनिक लागतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण चांगली चालणारी गाडी बंद ठेवायलाही मेकॅनिक लागतो आणि त्याला जास्त डोकं लागतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. फेब्रुवारी ते मे असे चार महिने मी एका जर्मन गाडीची देखभाल केली. देखभाल म्हणजे काय, तर गाडी ठणठणीत आहे हे कोणाला कळू द्यायचं नाही.

माझं नाव वाळू. शेणव्याच्या नाक्यावर, शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, एका बाजूला कान्हाची भाताची आणि पिठाची गिरणी, समोर बसथांबा. बोर्डावर ‘सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त होतील’ असं रंगवलेलं आहे. रंगवलं तेव्हा सर्व प्रकार म्हणजे मोटरसायकल, रिक्षा, टेम्पो आणि ट्रॅक्टर, एवढंच रंगाऱ्याला वाटलं होतं आणि मलाही.

भगीरथ माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचा वरकस माळ महामार्गात गेला. ज्या माळावर नाचणीसुद्धा तोंड वाकडं करून उगवायची, नेमका तिथूनच सरकारला रस्ता न्यावासा वाटला. हातात पैसा आल्यावर माणसाला शहाणपण सुचवणारे नातेवाईक कुठून कुठून उगवतात. त्यांच्या नादानं भगीरथनं कल्याणच्या एका बिल्डरची आठ वर्षं वापरलेली जर्मन गाडी घेतली. काळी, लांबलचक आणि बुटकी. इतकी बुटकी की आमच्या रस्त्यावरचा एकेक दगड तिला पोटातून ओळखायला लागला. चाकाखाली लिंबं चिरडली, पुढे नारळ फोडला, काचेवर पाच बोटांचा कुंकवाचा पंजा उमटवला. त्या दिवसापासून गावानं भगीरथला शेट म्हणायला सुरुवात केली, आणि त्यानं म्हणवून घ्यायला.

गाडी आली जूनमध्ये आणि जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली. आमच्याकडे भाताची आवणी सावडीनं होते. आज तुम्ही माझ्या शेतात वाका, उद्या मी तुमच्या शेतात वाकतो. ज्याच्याकडे बैल आहेत तो बैल देतो, ज्याच्याकडे काही नाही तो कंबर देतो. सावडीत जात बघत नाहीत, कंबर बघतात. म्हणून ठाकूरवाडीचा मंगळू आणि त्याची बायको भिमीसुद्धा भगीरथच्या खाचरात चार दिवस वाकली होती. आणि शेट? शेट पांढरे बूट घालून बांधावर उभे.

बाईजाकाकूनं चिखलातून मान वर केली. सत्तर वर्षांची बाई, पण जिभेला कधी गंज चढला नाही. म्हणाली, “भगीरथा, आमी तुझ्यात वाकलो. तू कवा येशील आमच्यात वाकायला?”

भगीरथ छाती फुगवून म्हणाला, “मी कशाला? माझी गाडी हाय ना. गाडी धरा सावडीत!”

तो हसला. चिखलातल्या सतरा घरांतलं कोणी हसलं नाही. आमच्याकडे बांधावर बोललेलं बोलणं सावडीत धरतात. शेटनं कंबरेऐवजी गाडी दिली, असं त्या दिवशी ठरलं आणि फेड कधी मागायची याचा विचार ज्यानं त्यानं मनात करून ठेवला.

तुळशीचं लग्न झालं आणि फेड सुरू झाली. नवरदेव गाडीत, करवल्या गाडीत, मांडवाची तोरणं डिकीत. सापगावपासून सरळगावापर्यंत असा एक मांडव राहिला नाही की ज्याच्या दारात ती गाडी फुलांच्या माळा घालून उभी राहिली नाही. सायीच्या रंगाच्या चामडी सीटला हळद लागली ती बिल्डरच्या सात पिढ्यांना निघाली नसती. म्हसा गावच्या जत्रेला तर मागच्या सीटवर नवसाचे दोन बोकड आणि पुढच्या सीटवर त्यांचा मालक. बोकडांनी वाटेत एक सीट बेल्ट खाल्ला. मालक म्हणाला, जर्मनीचा माल चवीला बरा दिसतो.

भगीरथ कोणाला नाही म्हणू शकत नव्हता. नाही म्हटलं की पुढच्या आवणीला खाचरात एकटाच वाकला असता.

त्याची सुटका उंदरांनी केली. त्याच्या घरी पक्की खोली एकच, भाताची. ऊन-धूळ लागू नये म्हणून गाडी तिथे, कणगीशेजारी ठेवलेली. एका बाजूला वर्षाचं भात, दुसऱ्या बाजूला जर्मन वायरिंग. उंदरांनी भात सोडून दिलं. फेब्रुवारीत एका सकाळी गाडीच्या सगळ्या दिव्यांनी एकदम डोळे उघडले आणि मग सगळेच मिटले. ठाण्याच्या वर्कशॉपला फोन केला तर ते म्हणाले, पूर्ण वायरिंग बदलावं लागेल, परदेशातून मागवू, वाट बघा. मग ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी माझ्या शेडमध्ये आणली.

मी तीन दिवस भिंग लावून बसलो. जन्मात एवढ्या रंगांच्या वायरी मी पाहिल्या नव्हत्या. उंदरांनी कुरतडलेली एकेक तार शोधायची, साफ करायची, जोडायची, झाळायची, वरून स्लीव्ह चढवायची. कल्याणच्या एका दोस्ताकडून स्कॅनर आणला आणि दिसेल तो दोष काढत गेलो. चौथ्या दिवशी दुपारी गाडी पहिल्या फटक्यात लागली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मी भगीरथला फोन केला.

भगीरथचं मुरबाडला पशुखाद्याचं दुकान आहे. तो तिथून हायब्रीड बसनं आला. ही बस म्हणजे त्याच महिन्यातली नवलाई. ठाण्याच्या एका खासगी कंपनीनं शहापूर-मुरबाड रस्त्यावर प्रयोग म्हणून सोडलेली, अर्धी डिझेलवर आणि अर्धी बॅटरीवर. हायब्रीड हा शब्द आम्हाला नवा नाही. हायब्रीड भात आम्ही कधीपासून लावतो, पीक दुप्पट, चव अर्धी आणि बियाणं दर साली नवं. म्हणून बाईजाकाकूनं पहिल्याच दिवशी ड्रायव्हर चांगोला विचारलं होतं, “ही पुढच्या सालाला चालंल का नवीन आणावी लागंल?”

खरी अडचण वेगळीच होती. थांब्याजवळ आली की बस बॅटरीवर चालायची, म्हणजे आवाजच नाही. आमचे लोक पूर्वापार वळणावर बस खडखडली की चहा संपवून घरातून निघणारे. ही बाई मांजरीच्या पावलांनी यायची आणि अर्ध्या गावाला टाकून जायची. शेवटी वळणावर लांबलचक हॉर्न वाजवायचा, असं गावानं चांगोला बजावलं. कंपनीनं आवाज वाचवला, आम्ही तो कानांना परत मिळवून दिला.

तर भगीरथ त्या बसमधून उतरला. बाजूला गिरणी धडधडत होती, त्यामुळे मी किल्ली फिरवली ती आम्हा दोघांनाच ऐकू आली. वाटलं, मिठी मारेल. त्याचं तोंड उतरलं.

“बंद कर,” तो म्हणाला.

“का? आवाज येतोय का कसला?”

“तोच तर येतोय. बंद कर आधी.”

मी बंद केली. तो टायरच्या चळतीवर बसला. म्हणाला, “वाळू, तीन दिवस मी बसनं जातोय. काल एक बाई मला म्हणाली, सरक की रे जरा. आठ म्हयने झाले, मला कोण सरक बोललं नव्हतं. डबा उघडला तर चार जणांनी हात घातला. शेट नाय, बिट नाय. लय बरं वाटलं रे.”

“मग?”

“मग काय! ही चालू झाली की परत लग्नं. होळी झाली की सतरा घरांत मिळून नऊ मांडव हायत. चार दिसांची आवणी होती रे माझी. किती फेडू?”

“मग सांग, नाय देत म्हणून.”

“बांधावर बोललोय. कसं सांगू?”

“वीक मग.”

“विकली तर म्हणतील, सावड बुडवायला विकली. बिघडली तर कोण काय म्हणंल? तू फक्त म्हण, जमत नाय.”

खरं तर तिथल्या तिथे त्याला हाकलायला हवा होता. पण मी गॅरेज उघडलं तेव्हा आठ दिवस एक सायकलसुद्धा आली नव्हती. नव्या मेकॅनिककडे गाडी द्यायला सगळे घाबरतात. तेव्हा याच भगीरथनं आपली धडधाकट मोटरसायकल ढकलत माझ्या दारात आणली आणि तीनदा माझ्याकडून उघडून घेतली, का, तर लोकांना दिसावं की वाळूकडे गाडी येते. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी चालू गाडी बिघडवली होती. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला.

शब्द देणं सोपं असतं. चांगली गाडी चार महिने उभी ठेवायची तर बॅटरी उतरते, टायर बसतात, ब्रेक धरतात. म्हणून दर तिसऱ्या दिवशी ती चालू करायची, हातभर पुढे घ्यायची, हातभर मागे. पूर्वीच्या बसच्या खडखडाटात रणगाडा चालू केला असता तरी कळलं नसतं, पण आता या हायब्रीडनं सोय ठेवली नव्हती. मग गिरणीचा पट्टा फिरायला लागला की मी गाडीत शिरायचो आणि पट्टा थांबायच्या आत बाहेर. कान्हाला वाटायचं, मी त्याच्या गिरणीवर भलताच खूश आहे, सारखं विचारतो आज दळण किती.

शिवाय लोकांना दाखवायला दर आठवड्याला एक भाग काढून फडक्यावर मांडायचा. बघे यायचे, हळहळायचे. मी तोंडाला येईल ते जर्मन नाव सांगायचो. सल्ल्यांना तर तोटा नव्हता. एक म्हणाला बोनेटमध्ये बिब्बा बांध, दुसरा म्हणाला गाडीचं तोंड दक्षिणेला आहे ते फिरव. तिसरा काही म्हणाला नाही, त्यानं आपली मोटरसायकल नेऊन किन्हवलीला टाकली. त्याच्या मागून आणखी चार गेल्या. माझी बायको संजीवनी, तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “तुमी आपली पंक्चरं काढा. जर्मनीच्या नादाला कोणी लावलं तुमाला?”

आणि भगीरथ? त्याची मजा होती. बसच्या आधी अर्धा तास तो गाडीची चौकशी करायला यायचा, माझ्याकडे चहा प्यायचा, थांब्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असा उसासा टाकायचा आणि बसमध्ये दुसऱ्या खिडकीशी जाऊन बसायचा. मुरबाड येईपर्यंत हसण्याचा आवाज. एवढी लोकप्रियता त्याला गाडीनं चालू असताना दिली नव्हती.

एप्रिलमध्ये मंगळू आला. त्याची मुलगी रुपा, तिचं लग्न आठवड्यावर होतं, मुरबाडच्या पलीकडं दिलेली. तो गाडीपासून चार हात लांब उभा राहिला, जणू जवळ गेलं तर आणखी बिघडेल.

“वाळूदादा, आठ दिसांत व्हईल का ही? रुपाला मी सांगून ठेवलंय, काळ्या गाडीतनं पाठवीन. लग्न ठरल्या दिवसापासनं ती तेच म्हणते.”

त्या सकाळीच मी गाडी चालवून ठेवली होती. बोनेट अजून कोमट होतं. मी त्यावर हात ठेवून म्हणालो, “नाय जमणार मंगळू. सामान यायचंय.”

मग त्यानं उलट माझीच समजूत घातली. “ऱ्हाऊ दे. तू वाईट वाटून घेऊ नको. टेम्पो हाय ना.”

रुपा टेम्पोतून गेली. नाक्यावरून जाताना टेम्पोच्या हौद्यात सतरंजीवर बसलेली मी पाहिली, आणि पाहून शेडच्या आत गेलो.

मे महिन्यात बातमी आली की कंपनी बस कायम करणार आणि वाटेवर एक गॅरेज नेमणार. ब्रेक, टायर, साधी वायरिंग, रोजची तपासणी, सगळं त्या गॅरेजकडे. माझ्या दारासमोरच थांबा. या कामाची मी पहिल्या दिवसापासून वाट बघत होतो. हे मिळालं असतं तर किन्हवलीला गेलेल्या मोटरसायकली आपल्या पायांनी परत आल्या असत्या. कंपनीच्या इंजिनिअर मॅडम मंगळवारी येऊन गॅरेज बघणार होत्या. आणि माझ्या शेडच्या मधोमध, तोंड उघडं टाकून, माझ्या नालायकीचा काळा पुतळा उभा होता.

सोमवारी चहाच्या वेळी मी भगीरथला म्हटलं, “आता मला मोकळं कर. उद्या सांगतो की झाली गाडी.”

तो कपात बघत म्हणाला, “या आठवड्यात तीन हळदी हायत वाळू. एक पंधरा दिवस थांब. पाऊस लागला की लग्नं संपतात.”

“मॅडम पंधरा दिवस थांबणार हायत का?”

“तुझं काम त्यांना दिसंलच की. गाडीकडं कोण बघतंय?”

मला इतका राग आला की मी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. तो हॉर्न वाजला तसा उठून बसमध्ये जाऊन बसला.

मंगळवारी गिरणीला सुट्टी असते. नाका कसा शांत. दहा वाजता बस आली, भगीरथ चहाला न येता थेट नेहमीच्या खिडकीशी जाऊन बसला, आणि शीतल मॅडम उतरल्या. तिशीच्या असतील, हातात वही, पायात कामाचे बूट. चांगो म्हणाला, ब्रेक दाबला की दाब कमी दाखवतो. मी बसच्या कडेनं कान लावून चालत गेलो. मागच्या डाव्या चाकापाशी बारीक शीळ ऐकू आली. साबणाचं पाणी लावलं, फुगे आले तिथला जोड आवळला, झालं. मॅडम वाकून बघत होत्या. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि हसल्या. संजीवनी आतून कपबशी घेऊन दारापर्यंत आली. मला वाटलं, आपलं झालं.

“आणि ही कोणाची?” मॅडमनी शेडकडे बोट केलं.

मी तोंड उघडायच्या आत कान्हा बोलला. गिरणी बंद होती, दुसरं काम नव्हतं. “भगीरथशेटची. चार म्हयने झाले. जमत नाय याला.”

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. आज ऊन फार आहे म्हणावं, तसं तो म्हणाला. थांब्यावरच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

“काय झालंय?” मॅडमनी मला विचारलं.

“वायरिंग. उंदरांनी खाल्लं.”

“मग जोडता नाही आलं?”

मी बसकडे बघितलं. भगीरथ मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट करत होता. आधीच घट्ट असलेलं.

“नाही जमलं, मॅडम.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग कसं देऊ तुम्हाला? या बसचा अर्धा जीव वायरिंगमध्ये आहे. हात चांगला आहे तुमचा, ब्रेकच्या कामाला सांगेन मी कुठेतरी.” हे त्या इतक्या गोडीनं म्हणाल्या की शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्या बसमध्ये चढल्या. संजीवनी कपबशी तशीच घेऊन आत गेली. मला रडू येत होतं आणि भगीरथचा गळा दाबावासा वाटत होता, दोन्ही एकाच वेळी.

बस निघाली. दहा पावलं गेली आणि थांबली. दारातून भगीरथ उतरला, डब्यासकट. माझ्याकडे न बघता शेडमध्ये गेला, खिळ्यावरची किल्ली काढली, बोनेट पाडलं, आत बसला. त्या शांत नाक्यावर गाडी पहिल्या फटक्यात लागली. असा मऊ आवाज की ऐकत राहावं.

त्यानं ती रस्त्यावर आणून उभी केली, खाली उतरला आणि मोठ्यानं म्हणाला, “फेब्रुवारीत झाली ही गाडी. यानं तीन दिसांत केली. मीच बोललो, बंद ठेव. सगळ्यांच्या लग्नांना कंटाळलो होतो म्हणून.”

मग कान्हा म्हणाला, “म्हंजे मी चार म्हयने दळण दळलं, ते याच्यासाठी?” आणि थांब्यावर बसलेली बाईजाकाकू इतकी हसली की तिची पाठ थोपटावी लागली.

मॅडम परत खाली आल्या होत्या. त्यांनी बोनेट उघडायला लावलं, माझा एकेक जोड निरखून बघितला. “हे तुम्ही केलंत?”

“हो.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“शब्द दिला होता त्याला.”

“काम येतं हे कळलं,” त्या म्हणाल्या. “पण उद्या ड्रायव्हरला असाच शब्द दिलात आणि मला खोटी नोंद पाठवलीत तर? तीन महिने देते. प्रत्येक नोंदीखाली चांगोची सही हवी.” मी मान हलवली. याहून जास्त मागायला तोंड नव्हतं. संजीवनीनं मॅडमना चहा दिला, चांगोला दिला, भगीरथलासुद्धा दिला. माझ्यासमोर रिकामा ट्रे धरून म्हणाली, “तुमाला सामान यायचं हाय.”

एवढ्यात बाईजाकाकू मागचं दार उघडून सीटवर बसली पण. “शहापूरला सोड रे भगीरथा, गुडघा दावायचाय डॉक्टरला.” कान्हा गुरुवारच्या हळदीचं बोलायला लागला. आणखी दोघं पुढच्या दाराशी. भगीरथनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

“वाळू, आता खरोखर बिघडव रे.”

“आता कसं? मला जमतं हे सगळ्या नाक्याला कळलंय. बंद पडली की लोक तुला माझ्याच दारात आणून सोडतील.”

तो हसला. मीही हसलो. दोन दिवसांचा राग असा क्षणात निघून गेला, आणि काम मिळाल्याचा आनंद मला तेव्हा कुठे झाला.

मग मंगळू पुढे आला. तो भगीरथच्या मागोमाग बसमधून उतरून गिरणीच्या पायरीवर बसला होता हे मी पाहिलंच नव्हतं. हातात फडक्याचं गाठोडं, मुरबाडपलीकडे लेकीकडे निघालेला. त्यानं गाडीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

“वाळूदादा, मी आलतो तवा ही चालू होती?”

“हो.”

“रुपाच्या लग्नाच्या टायमाला?”

“हो, मंगळू.”

तो रागावला नाही. रागावला असता तर मी पाय धरले असते. तो सावकाश म्हणाला, “भिमी तुला बोलायला येत होती. मीच नको बोललो. बोललो, त्यानं लय केलंन, नाय जमली त्याला, त्याला कशाला बोलायचं.”

भगीरथनं घाईघाईनं पुढच्या दारातल्या दोघांना बाजूला केलं. “मंगळू, बस पुढं. थेट रुपाच्या दारात नेतो तुला.”

“नको शेट,” मंगळू म्हणाला. “बस उभी हाय.”

तो चढला आणि चांगोनं दार लावलं. सगळा नाका माझ्याकडे कौतुकानं बघत होता, कान्हा तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, जर्मन गाडी जमली म्हणजे काय चेष्टा आहे. चार महिने मी हेच ऐकायला तडफडलो होतो. आणि आता मला वाटत होतं, नसतीच जमली तर बरं झालं असतं.